हॉटेलातच राहते, म्हणाली

निवृत्त पोलिसाला लोक खुनाचंच विचारतात. किती पाहिले, कसे पाहिले, झोप लागते का. झोप चांगली लागते. मला आजही जी घटना आठवते ती खुनाची नाही. तिच्यात रक्त सांडलं नाही आणि कुणाला शिक्षाही झाली नाही. पण एक गरीब माणूस अटकेच्या दारापर्यंत जाऊन आला, आणि तेही एका रोजच्या शब्दापायी. नाव कुणाचं घेणार नाही. सगळी माणसं हयात आहेत आणि आपापल्या जागी सुखी आहेत.

मी सातवी शिकलेली. नवरा पोलिसात होता. तो गेल्यावर मला अनुकंपा तत्त्वावर नोकरीत घेतलं. शिपाई म्हणून लागले, सहायक फौजदार म्हणून बाहेर पडले. ठाण्यात लहानमोठे सगळे मला आक्का म्हणत. रडणारं माणूस आलं की माझ्याकडे पाठवायचा रिवाज पडला होता. रडणाऱ्याला मी पाणी द्यायची आणि गप्प बसायची. बाकीचं तो आपणहून सांगतो.

आमच्या हद्दीत एक जुनं हॉटेल आहे. सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळातली दगडी इमारत. उंच छत, रुंद लाकडी जिना, खोलीत जुने शिसवी पलंग. एका अंगाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या अंगाला एस.टी. स्टँड, आणि चालत जाण्यासारखं वस्तुसंग्रहालय. बाहेरगावची बरी माणसं तिथं उतरत. लॉज तपासणीला आम्ही जायचो तेव्हा तिथल्या पायऱ्यांवर आवाज न करता चढायचो, इतकी ती जागा शिस्तीची.

लग्नसराईचे दिवस होते. बंदोबस्त, वराती, डीजेच्या तक्रारी. एका संध्याकाळी चाळिशीचा एक माणूस बायकोसह ठाण्यात आला. पुण्याहून नात्यातल्या लग्नाला आलेले. त्या जुन्या हॉटेलात उतरलेले. त्याची आई सापडत नव्हती. पासष्टीच्या पुढची, विधवा, मूळची वेळापूरकडची, गेली काही वर्षं मुलाजवळ पुण्याला.

सून रडत होती. मी पाणी दिलं. ती म्हणाली, "सकाळी आम्ही हळदीला निघालो. आई म्हणाल्या, माझे गुडघे दुखतात, मी आपली हॉटेलातच राहते. मी म्हटलं, राहा. जवळ संग्रहालय आहे, वाटलं तर बघून या. संध्याकाळी आलो तर खोलीला कुलूप, किल्ली काउंटरवर. फोन बंद."

"सामान?"

"बॅग आमची एकच. तशीच आहे. त्यांची कापडी पिशवी तेवढी दिसत नाही."

"घरात काही बोलाचाली?"

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "काही नाही. आईला आम्ही काडी उचलू देत नाही."

आमचे साहेब तरुण होते, उपनिरीक्षक, नव्यानं आलेले. कामाला चोख. त्यांनी मिसिंग, म्हणजे हरवल्याची तक्रार, दाखल केली, स्टेशन डायरीला नोंद घेतली, फोटो शहरातल्या सगळ्या ठाण्यांना पाठवला. एक माणूस सिव्हिलला गेला, एक स्टेशनवर, एक तळ्याकाठी. तळ्याकाठी पाठवलेला माणूस परत येईपर्यंत कुणी काही बोलत नाही, हे ठाण्यात काम केलेल्यालाच कळेल.

वेळापूरचं बाईंचं घर बंद होतं. शेजाऱ्यांना फोन केला, तिकडेही कुणी पाहिलं नव्हतं. साहेब स्वतः हॉटेलात गेले. काउंटरवरचा माणूस उत्तर प्रदेशाचा, काही महिन्यांपूर्वी आलेला. त्यानं सांगितलं, दुपारी बाई संग्रहालयातून आल्या, पिशवी घेऊन खाली उतरल्या, किल्ली दिली आणि म्हणाल्या, आती हूँ. दारातून रिक्षात बसून गेल्या.

साहेबांनी त्यावरून अंदाज बांधला तो चुकीचा नव्हता. परत येते म्हणून गेलेली बाई परत आली नाही. म्हणजे वाटेत काही झालं. आणि वाटेत होता रिक्षावाला.

दुसऱ्या दिवशी हजेरी संपते न संपते तोच खबर आली. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला एक पोरगेला इसम आमच्या बीटच्या हवालदाराला अधूनमधून बातमी द्यायचा. एक रिक्षावाला महागाचा बंद फोन घेऊन आला, बारीक पिनेचा चार्जर मागत होता, फोन कुणाचा विचारलं तर ततपप केलं. तासाभरात रिक्षावाला ठाण्यात होता. फोन त्या बाईंचाच निघाला.

पन्नाशीचा माणूस. रिक्षा स्वतःची, बॅज जुना, गुन्हा एकही नाही. त्याची बायको मागोमाग आली आणि डबा मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसली. बाहेर लग्नाकडची मंडळी जमली होती. एक मामा मोठ्यानं म्हणत होता, आमच्या ताब्यात द्या, आम्ही बोलतं करतो. त्याला मी फाटकाबाहेर काढलं.

आत साहेबांनी चौकशी सुरू केली. मी शेजारी होते.

"फोन कुठनं आला?"

"मावशीनंच दिला साहेब. स्टँडवर उतरली आन म्हणली, ह्यो माझ्या लेकाचा हाय, तेवढा हॉटेलात देऊन टाक."

"मग दिला का नाहीस?"

"गेलतो की. एक पॅसेंजर सोडून संध्याकाळी गेलतो. दारात तुमची जीप. मागं फिरलो."

"चोर नाहीस तर पोलिसाला भ्यायचं कारण काय?"

"साहेब, चोर कशाला भितोय? त्याला सवय असतीय."

मला हसू आलं, ते मी गिळलं. साहेबांना आलं नाही.

"चार्जर कशाला हवा होता?"

"चालू झाला असता तर लेकाचा नंबर घावला असता. फोन करून म्हणलो असतो, बाबा, घेऊन जा तुझी चीज."

"बाईला कुठं सोडलंस?"

"स्टँडवर. दुपारी."

"कुठं जाते म्हणाली?"

आता मात्र तो थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, "आक्का, सांगितलं तर मारतेत मला."

"मार बसला तर मला सांग. बोल."

"हॉटेलात."

साहेब उभेच राहिले. "हॉटेलातून घेऊन निघालास ना? मग परत कुठल्या हॉटेलात?"

"मी बी तेच म्हणलो. मावशी, हॉटेलातनंच तर निघालाय तुमी. तर लई हसली. म्हणली, आता कायमची हॉटेलातच राहणार हाय मी. अल्लाची शपथ साहेब, हेच बोलली."

साहेबांनी तेही तपासलं. स्टँडच्या आसपासचे सगळे लॉज पाहून घेतले. कुठंच तशी बाई उतरलेली नव्हती. लग्नाकडचे हे ऐकून हसले. घरदार सोडून म्हातारी हॉटेलात कायमची राहणार म्हणे. साहेब मला म्हणाले, "आक्का, संध्याकाळपर्यंत बाई सापडल्या नाहीत तर अपहरणाचा गुन्हा दाखल करून याला अटक दाखवावी लागेल. फोन मिळालाय, शेवटचा सोबत हाच होता, आणि हा खोटं बोलतोय."

मला ते पटलं नाही. आयुष्यभर खोटं बोलणारी माणसं ऐकली. खोटं बोलणारा पटेल असंच बोलतो. स्टँडवर सोडलं, पुढचं ठाऊक नाही, एवढं म्हटलं असतं तर हा सुटायच्या वाटेवर असता. अंगलट येणारी गोष्ट कुणी मुद्दाम रचत नाही. साहेबांना तसं बोलले. ते म्हणाले, "हे कोर्टात कसं सांगू?" तेही खरंच होतं.

मी हॉटेलात गेले. काउंटरवरच्याला म्हटलं, "बाई काय बोलली ते तिच्याच शब्दात सांग. हिंदी करू नको."

"मराठी में?"

"तिनं म्हटलं तसं. चुकलं तरी चालेल."

त्यानं जरा आठवलं, किल्ली काउंटरवर ठेवल्यासारखा हात केला आणि म्हणाला, "बोलीं, येते हं."

आता आपल्याकडं घर सोडताना जाते असं कुणी म्हणत नाही. कायमचं निघालेलं माणूसही उंबऱ्यावर येतेच म्हणतं. त्या बिचाऱ्यानं शब्द बरोबर ऐकला, बरोबर फिरवला, आणि अर्थ उलटा झाला. बाईंनी निरोप घेतला होता.

"और कुछ?"

"हाथ जोड़े थे. हमको लगा बुज़ुर्ग हैं, ऐसे ही करती होंगी."

वरच्या मजल्यावर झाडलोट करणारी बाई भेटली. ती म्हणाली, पलंगावरची चादर म्हातारीनं स्वतः घडी घालून ठेवली होती. हिनं राहू द्या म्हटलं, तर म्हातारी म्हणाली, तू तरी म्हणू नको गं राहू द्या.

ठाण्यात येऊन मी साहेबांना सांगितलं की बाई परत यायची नव्हतीच. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आक्का, येते म्हणून गेलेली माणसं खरंच येतातही. आणि स्वतःहून गेल्या असतील तर गेल्या कुठं? तुम्ही मला जागा दाखवा, मी याला आत्ता सोडतो."

जागा माझ्याकडे नव्हती. व्हरांड्यात त्याची बायको तशीच बसली होती. डबा उघडलेला नव्हता.

तेवढ्यात आमचा एक शिपाई दारात डोकावला. "आक्का, साहेबांनी चहा सांगितलाय. हॉटेलात जाऊन येतो. तुमचा बिनसाखरेचा ना?"

मी म्हटलं, "कुठं जाऊन येतो?"

"हॉटेलात." तो बावरला. "रोजच्याच की. कोपऱ्यावरच्या."

कोपऱ्यावर चहाची टपरी होती. दोन बाकडी आणि एक स्टोव्ह. आम्ही सगळे तिला हॉटेलच म्हणायचो. आमच्या भागात राहायचं ते लॉज आणि खायचं ते हॉटेल. पुण्याला राहून त्या मुलासुनेचं हॉटेल बदललं होतं. म्हातारीचं बदललं नव्हतं.

मी सुनेला आत बोलावलं. "तुमच्या सासूबाईंच्या ओळखीत कुणाचं हॉटेल आहे का?"

"हॉटेल? नाही हो. आमच्यात कुणीच त्या धंद्यात नाही."

"मोठं नको. चहाभज्यांचं."

ती जराशी थांबली. "तसं म्हटलं तर वेळापूरला त्यांची एक लहानपणची मैत्रीण आहे. तिचं आहे रस्त्याला. पण ते कसलं हॉटेल, पत्र्याचं टपरं ते."

"तिथं फोन केला होता?"

"तिथं कशाला?" असं म्हणून ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "हॉटेलातच राहते, म्हणाल्या होत्या."

तिकडच्या ठाण्याला फोन लावला. जो शिपाई बोलायला आला तो हॉटेलाचं नाव काढताच म्हणाला, "तिथनंच आलोय आत्ता. कालपासनं एक नवी म्हातारी भजी तळतीय. हात चांगलाय."

"तिला फोनवर आण."

बराच वेळ गेला. साहेब, मुलगा, सून माझ्या टेबलाभोवती उभे. फोनमधून आधी कढईचा आवाज आला, मग बाईंचा.

"कोण बोलतंय?"

"सोलापूरहून पोलीस बोलतेय आजी."

"पोलिसाचं हितं काय काम? म्या कुणाचं काय घेतलंय?"

"तुमचा लेक रडतोय इथं."

"रडतोय व्हय?" जरा थांबून म्हणाली, "रडू द्या थोडं. लहानपणी बी असाच रडायचा. पाच मिनिटांत गप व्हतो."

"सांगून का नाही गेलात?"

"सांगितलं की. सुनंला म्हणलं, मी हॉटेलात राहते. ती म्हणली राहा."

"कुठलं हॉटेल ते सांगितलं नाहीत."

"तिनं इचारलं न्हाय."

सुनेनं तोंडाला पदर लावला. ती रडते की हसते ते मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

साहेबांनी मग वेळ लावला नाही. आत गेले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "तू सांगितलंस ते खरं होतं. बाई हॉटेलात आहे." त्या माणसानं भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. साहेब म्हणाले, "बायको डबा घेऊन बसलीय. माझ्या खोलीत बसून जेवा दोघं." ते दोघं काही त्या खोलीत बसले नाहीत. ठाण्याच्या फाटकाबाहेर, रिक्षातच जेवले. तेही बरोबरच. ठाण्यात घास उतरत नाही.

मिसिंग बंद करायला बाईंचा जबाब लागतो. मी जीप घेऊन वेळापूरला गेले, मुलगा-सून बरोबर. रस्त्याला लागून पत्र्याचं हॉटेल. मैत्रीण गल्ल्यावर, आमच्या बाई कढईपाशी. गुडघे दुखणारी बाई ताठ उभी होती. मुलानं पाय धरले. तिनं त्याच्यापुढे बशी ठेवली.

"आई, घरात काय कमी होतं?"

"काय कमी न्हवतं. तेच तर सांगतीया. म्या ताट उचललं की, आई राहू द्या. लसूण सोलला की, आई राहू द्या. ही पोरगी वाईट न्हाय, मायेनं म्हणती. हितं यायचं मनात व्हतंच. पर काल त्या म्युझियममधी गेले. काचंत काय ठेवलंय म्हाईत हाय का? जातं. पाटा. उखळ. तसलंच जातं मी लगीन झाल्यापासनं वढलं. वर पाटी, हात लावू नये. तितं उभी राहिले आन म्हणलं, आता माझा नंबर हाय. पोराच्या घरात मला काचंत ठेवल्याली हाय, फकस्त पाटी लावायची राहिली."

मैत्रीण गल्ल्यावरून म्हणाली, "मला बी मदतीला माणूस पायजेच हुतं. पगारी माणूस पळून जातंय. ही कुटं पळणार?"

"पळून तर आलीया," बाई म्हणाल्या.

सून म्हणाली, "आई, मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर काय म्हणली असतीस?"

सून म्हणाली, "राहू द्या, म्हटलं असतं."

यावर मैत्रीण एवढी हसली की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

मी जबाब घेतला. माझ्या मर्जीने आले, मर्जीने राहते. सही ठसठशीत. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, तुम्ही काही करू शकता का? मी म्हटलं, त्या सज्ञान आहेत, तुमच्याएवढ्याच. त्याच्या मनातलं मला कळत होतं, पण मी पोलीस, पंच नव्हे.

मग रिक्षावाल्याचं सांगितलं. बाईंच्या हातातला झारा खाली आला. "त्यो बिचारा? माझ्यापायी बसला व्हता आत?"

"सकाळपासून."

त्यांनी कढईतली भजी काढली, कागद घेतला, परत ठेवला. "भजी गार हुतील." आत जाऊन कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन आल्या, फडक्यात घट्ट बांधलं. "त्याला द्या. म्हणावं, तुझ्या मावशीचं चुकलं. आन एकदा बायकोला घिऊन ये म्हणावं, गरम खायला."

मुलानं तो फोन पुढे केला. त्यांनी आधी मान हलवली, मग घेतला. "घेते. पर हात मोकळा असंल तवाच उचलीन."

निघताना मुलगा दारात उभा राहिला. शेवटी म्हणाला, "येतो आई."

"ये," त्या म्हणाल्या. "पुढच्या टायमाला आख्खा दिवस काढून ये. कांदं चिरायला माणूस लागतंय."

तो पुढच्या महिन्यात गेला, पोरांना घेऊन. नंतरही जात राहिला. वेळापूरचा तो शिपाई मला सांगायचा, साहेबलोकांसारखा दिसणारा माणूस मागं बसून कांदे चिरतोय म्हणून.

या केसनं मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर थोडक्यात सांगते. त्या दिवशी खोटं कुणीच बोललं नव्हतं. म्हातारी खरं बोलली, सून खरं बोलली, काउंटरवरचा खरं बोलला, रिक्षावाला तर मार खाण्याची तयारी ठेवून खरं बोलला. आणि एवढ्या खऱ्यावर आम्ही एका निर्दोष माणसावर गुन्हा दाखल करत होतो. ऐकणारा प्रत्येक शब्दाला आपल्या घरचा अर्थ लावतो आणि तोच लिहून काढतो. पुढं नवीन पोरी भरती होऊन आल्या की मी त्यांना एवढंच सांगायची, समोरच्याचे शब्द आहेत तसे उचला, आणि समजलं असं वाटलं तरी एकदा विचारा. त्यातल्या दोघी आज उपनिरीक्षक आहेत. विचारतात असं ऐकते.

फडकं मी त्याच संध्याकाळी रिक्षावाल्याच्या घरी पोचवलं. तो पोलिसांवर रुसून राहील असं मला वाटलं होतं. राहिला नाही. आता माझे गुडघे गेले, दवाखान्याला, पेन्शनच्या कामाला त्याचीच रिक्षा बोलावते. मी बसले की तो मागं वळून विचारतो, "कुटं, आक्का?"

दवाखाना म्हटलं तर मुकाट्यानं निघतो. पण परतीच्या वाटेवर मी चहाला म्हणून हॉटेलापाशी थांब म्हटलं, की रिक्षा बाजूला घेतो, मीटर बंद करतो आणि हात जोडून म्हणतो, "कुटल्या हॉटेलापाशी, ते आधी नीट सांगा. मला परत आत बसायचं न्हाय."